केळणेचा उतार आणि समालोचकाचा शब्द

मैत्रिणींनो, मराठवाड्यात जायचं म्हटलं की आपली पावलं वेरूळ-अजिंठ्याकडे वळतात. फार तर घृष्णेश्वर, पैठण, आणि परतताना येवल्याची पैठणी! जाफराबादला मुद्दाम कोण जातं? मी गेले ती पाहुणी म्हणूनच. माझी मावसबहीण तिथे दिलेली आहे. दिवाळी झाली, भाऊबीज आटोपली आणि तिचा फोन आला, "अक्का, या खेपेला तूच ये. कापूस घरात येतोय, मला हलता येत नाही." २०२५ च्या ऑक्टोबरचा तो शेवटचा आठवडा. चार दिवस राहिले. त्या चार दिवसांत एक जुनी नदी पाहिली आणि एक नवं खूळ पाहिलं. नदी तुमच्या वाटेवर कदाचित येणार नाही. पण ते खूळ तुमच्या घरात केव्हाच येऊन बसलेलं असण्याचा संभव आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

जायचं कसं?

जालना शहर मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर आहे. तिथे उतरून एस.टी. धरायची. राजूरवरून जाणारी गाडी मिळाली तर उत्तम, कारण राजूरच्या गणपतीचं दर्शन वाटेवरच होतं. अंगारकीला मात्र हा बेत करू नका, पाय ठेवायला जागा नसते. राजूर सोडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापसाची पांढरी बोंडं, मक्याची कणसं, मधूनच फुलावर आलेली तूर. दिसायला सुरेख! पण त्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीनं थैमान घातलं होतं. कित्येक शेतांत बोंडं काळी पडलेली, सोयाबीनचा पाचोळा झालेला. खिडकीतून पाहतानाच लक्षात येत होतं, की यंदा इथल्या घराघरांत हिशेब जुळवणं कठीण आहे.

जाफराबाद म्हणजे केळणा आणि पूर्णा या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. ही पूर्णा गोदावरीला मिळणारी, बरं का. तापीला मिळते ती पूर्णा वेगळी. गावाला नाव मिळालं ते मोगल काळातल्या जाफरखानावरून. जुनी तटबंदी, दगडी गढी, औरंगजेबाच्या काळातली मशीद आणि फारसी शिलालेख, मधूनमधून देवळं असं जुनं वैभव अंगावर घेऊन तालुक्याचं हे गाव बसलेलं आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. तोवर हा तालुका औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यात होता.

संगमावर जायचं ते संध्याकाळी. पाऊस नुकताच संपलेला, त्यामुळे पाणी भरपूर. माझी बहीण म्हणाली, "ही केळणा साधी नदी नाही, अक्का. हिच्या काठी इंग्रज जिंकला."

उतार असलाच पाहिजे!

ती गोष्ट अशी. केळणेच्या काठाने वर गेलं की असई नावाचं गाव आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा एका बाजूला आणि आर्थर वेलस्लीची इंग्रजी फौज दुसऱ्या बाजूला अशी मोठी लढाई झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. मराठ्यांची फौज त्याच्या कितीतरी पट, तोफा शंभराच्या आसपास. मध्ये केळणा. वाटाड्यांनी सांगितलं, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या अलीकडे एक गाव आणि बरोबर समोर, पलीकडे, दुसरं गाव. त्याने मनाशी म्हटलं, एवढी जवळजवळ दोन गावं वसली आहेत तर माणसांची ये-जा असणारच, आणि ये-जा आहे म्हणजे उतार असलाच पाहिजे. माणूस पाठवून पाहिलं. उतार होता! तिथूनच फौज पलीकडे गेली.

आपल्या दृष्टीने ही हरण्याची गोष्ट आहे, त्यामुळे कौतुक करताना जीभ जड होते. शिवाय जिंकणाऱ्यालाही ती स्वस्तात पडली नाही. त्याची दीड हजारांहून अधिक माणसं ठार आणि जखमी झाली. पण तो अंदाज माझ्या मनात राहिला. डोळ्यांसमोरच्या खुणा पाहायच्या, त्यांचा अर्थ लावायचा, माणूस पाठवून खात्री करायची आणि मग पाऊल टाकायचं. अंदाज म्हणतात तो याला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मला दुसऱ्या प्रकारचा अंदाज पाहायला मिळाला.

पहाटे कानात काय?

पहाटे साडेपाचला बहिणीनं चूल पेटवली, तेव्हा तिचा मुलगा ओसरीवर जागाच होता. कॉलेजात शिकणारा पोरगा. कानात नळ्या, हातात फोन, कपाळाला आठ्या. मला वाटलं, परीक्षेचा अभ्यास! जवळ जाऊन पाहिलं तर पडद्यावर कुठलासा खेळ. क्रिकेटसारखा, पण क्रिकेट नव्हे.

"काय रे हे?"

"बेसबॉल हाय, मावशी. अमेरिकेचा."

"तुला कळतो?"

"खेळ नाही कळत फारसा. बोलणं ऐकतोय. समालोचक काय बोलतो त्यावर पैसे हायेत."

तुमच्यासारखीच मीही चक्रावले. कोण जिंकणार यावर पैज, हे आपण ऐकलेलं आहे. पण खेळाचं वर्णन करणारा माणूस अमुक शब्द उच्चारील की नाही, यावर पैज? त्यानं मला समजावून सांगितलं. प्रश्न असा असतो, की आजच्या सामन्यात समालोचक 'मॅरेथॉन' हा शब्द म्हणेल काय? 'होय'ची चिठ्ठी दोन रुपयांना, 'नाही'ची आठ रुपयांना. दोन्ही मिळून दहा. ज्याचं खरं ठरेल त्याच्या चिठ्ठीचे दहा रुपये होतात, दुसऱ्याची चिठ्ठी केराच्या टोपलीत. भाव सामना चालू असताना वरखाली होतात, अगदी भाजीबाजारासारखे. गावातल्या ओळखीच्या पोरांनी त्याला फोनवरच्या एका गटात घेतलं होतं. भाव त्या गटात येत, पैसे फोनवरूनच जात.

त्यानं 'नाही'च्या एक हजार चिठ्ठ्या घेतल्या होत्या. आठ हजार रुपये! मिळकत झाली असती दोन हजार. "मावशी, नऊ डावांचा खेळ. तीन तासांत संपतो. एवढ्यात कोण तो शब्द काढतंय? फुकटचे दोन हजार!"

आता योगायोग पाहा. तो दिवस होता २८ ऑक्टोबर, अमेरिकेत २७ तारखेची रात्र. लॉस एंजेलिस डॉजर्स आणि टोरांटो ब्लू जेज यांच्यातल्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा तिसरा सामना. नऊ डाव झाले तेव्हा गुण पाच-पाच. बेसबॉलमध्ये बरोबरी चालत नाही, निकाल लागेपर्यंत खेळावं लागतं. दहावा डाव झाला, बारावा झाला, पंधरावा झाला. आमच्या भाकऱ्या झाल्या, बायका कापूस वेचायला गेल्या, पोरगा जागचा हलला नाही. अठराव्या डावात सामना संपला. सहा तास ३९ मिनिटं चालला तो. दुपारचे बारा वाजून गेले होते.

आणि शब्द? पोरगा शपथेवर सांगत होता, आपण ऐकला नाही. गटातला भाव देणारा म्हणाला, उच्चारला गेला. दाद कुणाकडे मागायची? खेळवणाराही तोच आणि पंचही तोच. आठ हजार गेले. ते पैसे होते बचत गटाच्या हप्त्याचे आणि हरभऱ्याच्या बियाण्याचे. आईनं त्याच्या खात्यावर ठेवले होते, कारण "त्याला फोनमधलं कळतं."

शब्दाचा मालक कोण?

परत आल्यावर मी याविषयी जमेल तेवढं वाचून काढलं. अमेरिकेत काल्शी, पॉलीमार्केट अशा कंपन्या असे बाजार चालवतात. निवडणूक, हवामान, खेळ, आणि कोण काय बोलेल हेसुद्धा. तिथे सरकारी देखरेखीखाली काही बाजारांना परवानगी आहे. पण हा सरळ जुगारच आहे असं कित्येक राज्यांचं म्हणणं असून प्रकरणं न्यायालयांत गेली आहेत. बेसबॉलच त्यांना इतका सोयीचा का, हे सांगते. तीस संघ, आणि प्रत्येक संघाचे मोसमात १६२ सामने. म्हणजे मोसमभर जवळजवळ रोज सामने. शिवाय खेळ संथ, चेंडू-चेंडूमध्ये मोकळा वेळ फार. तो वेळ समालोचकाला बोलून भरावा लागतो. बोलणं जितकं लांबतं, तितका कुठलाही शब्द निसटण्याचा संभव वाढतो. आमच्या पोराचा हिशेब नेमका तिथेच कच्चा होता.

याहून मोठी गोम पुढेच आहे. पाऊस पडेल की नाही यावर पैज लावली तर पाऊस काही तुमच्या चिठ्ठ्या वाचत नाही. पण बोलणारा माणूस वाचू शकतो! त्याच आठवड्यात, ३० ऑक्टोबर २०२५ रोजी, कॉइनबेस या अमेरिकन कंपनीच्या प्रमुखानं, ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी, भागधारकांसाठीच्या बैठकीच्या शेवटी, ज्या शब्दांवर लोकांनी पैसे लावले होते ते पाच शब्द सरळ एकापाठोपाठ एक म्हणून टाकले. गंमत म्हणून! त्या पैजांवर सुमारे ८४ हजार डॉलर लागलेले होते. एका वाक्यात कुणी श्रीमंत, कुणी कफल्लक. समालोचकाचंही तेच. जाहिरातीचा मजकूर तर आधीच लिहून हाती दिलेला असतो. तो कागद ज्यानं पाहिला त्याला सगळं ठाऊक, आणि आपलं पोरगं ओसरीवर बसून अंदाज करतंय!

वाईट याचं वाटतं, की समालोचन ही किती गोड कला आहे! रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी वर्णन ऐकताना पोळपाटावरचं लाटणं थांबायचं, आठवतं? मैदान न पाहताही चेंडू कुठे गेला ते दिसायचं. १९७७ साली इंदूरच्या सामन्यात सी. के. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू समालोचनाला बसल्या; भारतातल्या पहिल्या स्त्री-समालोचक म्हणून त्यांचं नाव घेतात. अमेरिकेत विन स्कली नावाचे समालोचक १९५० पासून २०१६ पर्यंत, तब्बल ६७ मोसम, एकाच संघाच्या सामन्यांचं वर्णन करत राहिले. एप्रिल १९७४ मध्ये हँक आरन यांनी षटकारासारखा तो विक्रमी फटका मारला, तेव्हा स्कली चक्क गप्प बसले आणि लोकांना फक्त गर्दीचा जल्लोष ऐकू दिला. आता सांगा, अशा मौनाला कुठल्या चिठ्ठीत भाव आहे? शब्द मोजत बसलेल्या कानांना असलं मौन म्हणजे नुसतं नुकसान.

हे पाणी जुनंच

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशी खूळ. पण अमेरिकेच्या आकड्यावर आपल्याकडे संसार धुऊन निघाले ते काही आजच नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडताना काय आणि बंद होताना काय, ते आकडे तारेनं मुंबईला येत आणि त्यांवर सट्टा चाले. १९६१ मध्ये ते आकडे बंद झाले, तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या घालून आकडा काढायची युक्ती निघाली आणि 'मटका' हे नाव पडलं. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी तो धंदा मोठा केला. कापूस पिकवणाऱ्या-वेचणाऱ्या बायका इथे, आणि कापसाच्या आकड्यावर पैसा उडवणारे तिकडे! आता कापसाच्या जागी समालोचकाचा शब्द आला, एवढंच.

आपल्याकडेही मधली काही वर्षं 'होय-नाही'चे असे खेळ फोनवर राजरोस चालत आणि त्यांच्या जाहिराती घरोघर दिसत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं गुन्हा ठरलं. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे मुद्दाम सांगते. कारण पोलिसांच्या धाकानं मुलं घरी बोलत नाहीत. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. पण चोरवाटा राहतात, आणि त्या चोरवाटा जाफराबादसारख्या गावापर्यंत पोचतात. आणखी एक गोष्ट: १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे पैजेचा करारच रद्द समजतात. जिंकलेले पैसे कुणी बुडवले तर कोर्टात मागता येत नाहीत.

"शेती तरी काय हाय?"

संध्याकाळी पोरगा आईला म्हणाला, "तुमची शेती तरी काय हाय? जुगारच ना? पाऊस आला तर पीक, न्हाई तर बोंब."

त्या वर्षीची काळी बोंडं दाराशी पडलेली असताना हा प्रश्न खोटा म्हणवत नव्हता. पण माझ्या बहिणीनं दिलेलं उत्तर मला तिच्या शहाणपणाची साक्ष वाटली. ती म्हणाली, "अरे, पाऊस माझ्या हाती नाही. पण ओल बघून पेरायचं, दोन पिकं एकत्र घ्यायची, चार दाणे राखून ठेवायचे, हे माझ्या हाती हाय. आणि पिकलं तर कुणाचं हिसकावून नाही पिकत. तुझ्या खेळात तुझे दोन हजार यायचे, ते कुणाच्या तरी घरचे जायचे."

मैत्रिणींनो, भिशीचं उदाहरण घ्या. दहा जणींनी हजार-हजार टाकले तर दहा हजारांचे दहा हजार कुणा एकीच्या पदरात पडतात आणि पाळीपाळीनं प्रत्येकीला मिळतात. या खेळात मडक्यालाच भोक आहे. चालवणारा प्रत्येक वेळी आपली दलाली काढून घेतो. सगळे खेळणारे मिळून बघितले तर जेवढं टाकलं त्याहून कमीच हाती येतं. एखादा जिंकतो, त्याची गोष्ट गावभर होते. हरलेले गप्प बसतात.

आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला शेतात घट मांडून दुसऱ्या दिवशी पावसा-पिकाचं भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा त्याला विरोध आहे आणि त्यावर भरवसा ठेवून पेरा असं मीही म्हणणार नाही. पण ऐकून माणूस घरी जातो, त्याचा खिसा शाबूत असतो. भाकीत ऐकणं वेगळं आणि भाकितावर हरभऱ्याचं बियाणं लावणं वेगळं.

घरात काय करावं?

माझ्या बहिणीनं आरडाओरडा केला नाही. तिनं वही काढली आणि मुलाला म्हणाली, गणपतीपासून किती गेले आणि किती आले ते लिही. त्याची समजूत होती, जवळजवळ बरोबरीत आहोत. बेरीज झाली तेव्हा गेलेले चौतीस हजार आणि आलेले एकवीस. तेरा हजारांचा खड्डा! वहीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. बियाणं उधारीवर आणलं, गटाचा हप्ता मी तात्पुरता भरला, आणि सुटीच्या दिवशी आईबरोबर वेचणीला जाऊन तो फेडायचं त्यानं कबूल केलं.

तिच्याकडून शिकलेल्या आणि मागाहून विचारून घेतलेल्या चार गोष्टी:

बचत गटाचे, बियाण्याचे, फीचे पैसे घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरच्या खात्यात ठेवू नका. खातं आपलं, पासबुक आपल्या ट्रंकेत.

बँकेचा प्रत्येक व्यवहाराचा संदेश आपल्या फोनवर येईल अशी सोय करून घ्या. वाचता आला नाही तर शेजारणीकडून वाचून घ्या, लाजू नका.

पहाटे किंवा मध्यरात्री कानात नळ्या घालून बसणं, न कळणारा खेळ रोज बघणं, लहानसहान उसनवारी, एकदम चिडचिड ही लक्षणं दिसली तर आधी शांतपणे विचारा. मारहाणीनं सवय लपते, सुटत नाही.

फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा. मन फारच खचलं असेल, मुलाचं किंवा तुमचं, तर १४४१६ हा सरकारी 'टेलिमानस'चा क्रमांक आहे.

आणि जाफराबादला गेलात तर मुक्काम जालन्यालाच ठेवा, सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली आणि डोक्याला पंचा-रुमाल बरोबर घ्या. जायचं ते पावसाळ्यानंतर, थंडी पडायला लागते तेव्हा. संगमाबरोबर असईही बघून या. बरोबर मुलांना न्या. केळणेच्या काठी उभं राहून त्यांना समोरासमोरच्या गावांची गोष्ट सांगा आणि विचारा, उतार कुठे असेल बरं? अंदाज करू द्या त्यांना. चुकला तरी त्यात कुणाच्या घरचं काही जात नाही.